इंडियन वुमेन्स लीग खरी कधी सुरू झाली? २०१७ की २०२३?

डावखुरी

महिला फुटबॉलच्या बहुतेक धाग्यांवर 'आयडब्ल्यूएल (इंडियन वुमेन्स लीग) २०१७ला सुरू झाली' असं सरसकट लिहिलं जातं. तारीख बरोबर आहे, पण जे सुरू झालं त्याला लीग म्हणावं का, याबद्दल माझं मत वेगळं आहे.

पहिल्या हंगामाची पात्रता फेरी ऑक्टोबर २०१६मध्ये कटकला झाली. मुख्य फेरी २८ जानेवारी ते १४ फेब्रुवारी २०१७, दिल्लीचं आंबेडकर स्टेडियम. सहा संघ: ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, रायझिंग स्टुडंट क्लब, अलखपुरा, जेप्पियार, आयझॉल आणि एफसी पुणे सिटी. प्रत्येकाचे पाच साखळी सामने, मग उपांत्य आणि अंतिम. मणिपूरच्या ईस्टर्ननं अंतिम सामन्यात रायझिंग स्टुडंटला ३-० हरवलं. म्हणजे जिंकणाऱ्या संघाचे १८ दिवसांत सात सामने, आणि उरलेलं वर्षभर काही नाही.

पुढेही तेच. २०१८ला शिलाँग, २०१९ला लुधियाना, २०२०ला बंगळुरू, एक हंगाम कोविडमुळे रद्द, २०२२ला भुवनेश्वर, २०२३ला अहमदाबाद. दर वर्षी एक शहर, सगळे संघ तिथे मुक्कामी, आणि जास्तीत जास्त दीड महिन्यात सामान आवरून घरी. ही स्पर्धा झाली. लीग म्हणजे आपल्या गावात आपल्या लोकांसमोर एक सामना आणि समोरच्याच्या गावात एक. ते पहिल्यांदा घडलं डिसेंबर २०२३मध्ये: सात क्लब, प्रत्येकी १२ सामने. मी लीगचं वय तिथून मोजते.

आणि ज्या हंगामात खरी लीग सुरू झाली, त्याच हंगामापासून वरच्या गटात, म्हणजे आयडब्ल्यूएलमध्ये, महाराष्ट्राचा एकही क्लब नाही. असं का?

मणिपूर_मेल

साफ असहमत. घर-बाहेर पद्धत आली म्हणून लीग 'खरी' झाली, हे मोठ्या शहराच्या बाजूनं मोजलेलं माप आहे.

आधीचा इतिहास बघा. महिला फुटबॉलचा वेगळा महासंघ १९७५चा. १९८०ला कालिकतमध्ये आशियाई स्पर्धा झाली आणि तिथे भारताचा संघ उपविजेता ठरला. १९८३ला शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. ९०च्या दशकाच्या सुरुवातीला कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला आणि १९९१पासून वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. ती मणिपूरनं वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. पण ही सगळी राज्यांची स्पर्धा. मुलगी वर्षातले दोन-तीन आठवडे राज्याची, बाकी वर्ष कुणाचीच नाही. २०१७नं जे बदललं ते हे: क्लब नावाची गोष्ट आली.

आणि कुणाचे क्लब आले? अलखपुरा हे हरयाणातल्या भिवानी जिल्ह्यातलं एक गाव. रायझिंग स्टुडंट ओडिशाचा. ते २०१८ला शिलाँगमध्ये विजेते झाले, ईस्टर्नलाच पेनल्टीवर हरवून. इम्फाळचा क्रिफ्सा २०२०च्या अंतिम सामन्यात कालिकतच्या गोकुळमकडून जेमतेम ३-२नं हरला. एकाच शहरात स्पर्धा होती म्हणून हे क्लब एकदाच प्रवास करून खेळू शकले. २०२३-२४च्या सात क्लबांत यांच्यापैकी एक तरी दिसतो का? नाही. तुमच्या 'खऱ्या' लीगची किंमत त्यांनी मोजली.

पिवळं_कार्ड

क्रिफ्सा म्हणजे कांगचुप रोड यंग फिजिकल अँड स्पोर्ट्स असोसिएशन. एका रस्त्याच्या नावानं निघालेला क्लब देशाच्या अंतिम सामन्यात पोचला. हे धाग्यावर नोंदलेलं असावं.

ऑफसाइडची_रेघ

मणिपूर_मेल यांचा क्लबांबद्दलचा मुद्दा पटतो, पण खेळाडूच्या गुडघ्याचाही विचार करा.

१८ दिवसांत सात सामने म्हणजे सरासरी अडीच दिवसाला एक. पूर्ण ९० मिनिटांच्या सामन्यानंतर मांडीचे स्नायू नीट भरून यायला साधारण तीन दिवस लागतात. ते मिळाले नाहीत की तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून दोन गोष्टी दिसायला लागतात. बचावफळी दहा पावलं मागे सरकते, कारण मागे धावायची ताकद उरलेली नसते. आणि उतरताना, वळताना गुडघा आत झुकतो. एसीएल (गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध) तिथेच तुटतो, बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मुलींमध्ये या दुखापतीचं प्रमाण मुलांच्या दोन-तीन पट आहे.

यावर फुकटचा आणि सिद्ध झालेला उपाय म्हणजे फिफा ११+ हा वॉर्म-अप. १५ व्यायाम, २० मिनिटं. पहिली ८ मिनिटं हळू धावणं, नितंबाचे सांधे आत-बाहेर फिरवत. मग १० मिनिटं ताकद, उडी आणि तोल: प्लँक, साइड प्लँक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढे झुकणं), एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या. शेवटची २ मिनिटं वेगात धावणं आणि दिशा बदलणं. आठवड्यातून किमान दोनदा, हंगामभर. सामन्याच्या आधी फक्त धावण्याचे दोन भाग करायचे, मधला भाग सरावाच्या दिवशी.

चुकतं कुठे, तर उडीत. प्रशिक्षक संख्या मोजतात, उतरणं बघत नाहीत. समोर उभं राहून बघायला हवं: उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे की आत पडतोय? आत पडत असेल तर उडीची उंची निम्मी करा, पण उतरणं आधी सुधारा. नॉर्डिकमध्ये मुली कंबरेतून वाकतात. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एक सरळ रेघ राहिली नाही तर तो व्यायाम झालाच नाही. सुरुवातीला ३ ते ५ वेळा पुरे.

हिशेबनीस

भुवनेश्वरचा हंगाम (२०२१-२२) मात्र वेगळा धरा. ठिकाण एकच होतं, पण १२ संघ, उपांत्य फेरी नाही, प्रत्येकी ११ सामने, एकूण ६६. कलिंगा, कॅपिटल आणि सातवी बटालियन ही मैदानं, १५ एप्रिल ते २६ मे. गोकुळमनं ११ पैकी ११ जिंकले. शेवटच्या दिवशी तामिळनाडूच्या सेतूविरुद्धचा सामना जणू अंतिमच होता, तो ३-१. गुणतक्त्यावर विजेता ठरला, म्हणजे रचनेनं ती लीगच.

अहमदाबादला संघ १६ झाले, पण पुन्हा दोन गट आणि बाद फेरी. अंतिम फेरी गाठणाऱ्याला दहा सामने एका महिन्याच्या आत, तेही गुजरातच्या मेमध्ये. अंतिम सामना गोकुळम ५, बंगळुरूचा किकस्टार्ट ०.

आता घर-बाहेरचा खर्च. आठ संघांच्या लीगमध्ये १४ सामने, त्यातले सात बाहेर. २० खेळाडू आणि ५ सहायक धरा. २५ जण, सात फेऱ्या, जाऊन-येऊन ३५० तिकिटं, आणि दर फेरीला किमान दोन रात्रींचा मुक्काम. घरच्या सात सामन्यांना मैदानाचं भाडं, रुग्णवाहिका, डॉक्टर, बॉलगर्ल, चित्रीकरणाला वीज. शिवाय महासंघानं २०२३मध्ये जाहीर केलेली अट: किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा व्यावसायिक करार. हे झाले ३२ लाख, आणि हे फक्त दहा जणींचे. महिना धरला तर एकीला २६-२७ हजार. खेळाडूच्या बाजूनं ही रक्कम फार मोठी नाही, पण गावच्या क्लबाच्या बाजूनं डोंगर आहे. अलखपुरा का दिसत नाही याचं उत्तर या बेरजेत आहे.

डावखुरी

@हिशेबनीस, भुवनेश्वरबद्दल मान्य. तो हंगाम मी इतरांच्या ओळीत बसवायला नको होता.

@मणिपूर_मेल, क्लब गेले याचं दुःख मलाही आहे. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांना पुन्हा एका शहरात कोंबणं मला पटत नाही. खालचा गट नीट बांधायचा, तिथे केंद्रीय ठिकाण ठेवायचं आणि वर येणाऱ्याला प्रवासखर्च द्यायचा. आयडब्ल्यूएल २ हा खालचा गट सुरू झाल्यावर कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाची नीता अकादमी वर आल्याच ना? म्हणजे शिडी आहे, फक्त अरुंद आहे.

मांडवीकाठ

त्याच शिडीवरून गोव्याची सेसा अकादमी वर आली. २०२४-२५च्या दुसऱ्या गटातून गढवाल युनायटेड आणि सेसा या दोघांना बढती मिळाली, आणि २०२५-२६ला गोवा वरच्या गटात आला.

महाराष्ट्रानं यातून एक गोष्ट बघावी. गोव्याचीही आधी धरसोडच होती. २०१८-१९ला पणजी फुटबॉलर्स, २०२१-२२ला सिरवोडे, २०२२-२३ला चर्चिल ब्रदर्स. दर वेळी नवं नाव आणि नवा संघ, त्यामुळे आदल्या वर्षी शिकलेलं पुढच्या वर्षी कुणाच्याच कामाचं नाही. पण दरम्यान राज्याची वेदान्त महिला लीग सुरू झाली. सेसाच्या मुली वर्षामागून वर्ष एकाच रंगात, एकाच मैदानावर खेळत राहिल्या.

प्रवासाबद्दल: वास्कोहून शालिमारला जाणारी अमरावती एक्सप्रेस दीड दिवसाहून जास्त घेते. तेवढा वेळ बर्थवर पाय दुमडून बसलेली मुलगी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी खेळली तर पिंडऱ्या हमखास जखडतात. रेल्वेनं जाणाऱ्या संघानं सामन्याच्या किमान दोन दिवस आधी पोचायचं, पोचल्याच्या संध्याकाळी अर्धा तास हलकं धावणं, चेंडूला हात नाही, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण सराव. गाडीतही दर दोन तासांनी डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी. पाणी कमी पितात, कारण स्वच्छतागृहाला जायचा कंटाळा आणि संकोच. यावर संघाच्या व्यवस्थापक बाईंचं लक्ष हवंच.

शाहू_मैदान

मांडवीकाठ यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. महाराष्ट्राची काही नावं मांडतो. २०१६-१७ एफसी पुणे सिटी. २०१७-१८ मुंबईचा इंडिया रश. २०१८-१९ एफसी कोल्हापूर सिटी. २०२१-२२ पिफा. २०२२-२३ मुंबई नाइट्स. जवळजवळ दर हंगामात नवं नाव. पुणे सिटी तर पुढे २०१९मध्ये बंदच झाला. आपल्याकडे मुलींची वानवा नाही, क्लब टिकत नाहीत.

कोल्हापूरचं बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना असला की पेठच्या पेठ उठून येते. मागे तालीम उभी असते, म्हणून पुरुषांचा संघ एखाद-दुसरा हंगाम हरला तरी मोडत नाही. वर्गणी, बूट, नाश्ता, दुखापतीचा खर्च, सगळं तालीम बघते. मुलींच्या संघामागे अशी एकही संस्था नाही. संघ एका स्पर्धेपुरता बांधला जातो, प्रायोजक एका स्पर्धेपुरता येतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. त्या नावाच्या राज्यातून वरच्या गटात एक क्लब नसावा, याचं मनापासून वाईट वाटतं.

निळी_जर्सी

मैदानांचं काय? २०२२च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशिया कप नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडीला झाला. ऑक्टोबरमध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना डी. वाय. पाटीलवर झाला. एवढं होऊन एक संघ उभा राहू नये?

हिशेबनीस

@निळी_जर्सी, स्टेडियमनं संघ होत नाही. आशिया कपात भारताचा इराणशी ०-० झाला आणि मग संघात कोविड पसरल्यानं बाहेर पडावं लागलं. विश्वचषकात आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरल्या. त्या वयात क्लबाचे वर्षाला २५-३० सामने खेळून आलेली मुलगी आणि शिबिरातून थेट आलेली मुलगी यांतला तो फरक होता. लागतं ते साधं सरावाचं मैदान, आठवड्यातून पाच दिवस, ठरलेल्या वेळी, दिव्यासकट. आणि ती वेळ मुलग्यांचं आटपल्यावर उरलेली नको.

नऊ_नंबर

विषय थोडा बदलतो. लीगचा एक परिणाम कुणी बोलत नाही: गोल करणाऱ्या परदेशी आहेत. २०२१-२२ला घानाची एल्शदाई अचेमपोंग, २० गोल. २०२२-२३ला नेपाळची साबित्रा भंडारी, २९. २०२४-२५ला गोकुळमची युगांडाची फाझिला इक्वापूट, २४. क्लब विजेतेपदासाठी नऊ नंबर (मधली मुख्य स्ट्रायकर) बाहेरून आणतात, आणि आपल्या मुली विंगवर किंवा बेंचवर. राष्ट्रीय संघाला स्ट्रायकर कुठून मिळणार?

मणिपूर_मेल

@नऊ_नंबर, दुसरी बाजूही आहे. साबित्राला रोज सरावात अडवणारी भारतीय सेंटर-बॅक काय शिकते? ती चेंडू येण्याआधीच खांद्यावरून दोनदा बघते, शरीर अर्धं वळवून घेते, कुठल्या पायावर चेंडू द्यायचा ते ठरवते. चांगल्या स्ट्रायकरसमोर खेळल्याशिवाय ही सवय लागत नाही. आणि मनीषा कल्याण याच गोकुळममध्ये परदेशी खेळाडूंबरोबर खेळली. नोव्हेंबर २०२१मध्ये तिनं ब्राझीलविरुद्ध गोल केला, २०२२ला सायप्रसच्या अपोलॉनकडे गेली आणि महिलांच्या युरोपियन चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. विंगवर खेळून काही बिघडलं नाही.

नऊ_नंबर

मनीषाबद्दल मान्य. सेंटर-फॉरवर्डबद्दलचं मत तसंच आहे.

ऑफसाइडची_रेघ

घर-बाहेर पद्धतीनं दर्जा वाढला का, याचं माप आशियाई क्लब स्पर्धांत मिळतं. २०२१ला जॉर्डनच्या अकाबा शहरात गोकुळम तिथल्याच अम्मान क्लबाकडून १-२ आणि इराणच्या सिरजानकडून ०-१ हरला, उझबेकिस्तानच्या बुनियोदकोरला ३-१ हरवलं. २०२२ला संघ ताश्कंदला पोचला आणि फिफानं भारतीय महासंघाला निलंबित केलं. मुली मैदानाबाहेर बसून परत आल्या. निलंबन दोन आठवड्यांच्या आत उठलं, पण स्पर्धा हातची गेली. कारभाऱ्यांच्या भांडणाची शिक्षा ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांना झाली.

२०२४ला ओडिशा एफसी मुख्य गटात पोचली आणि जपानच्या उरावाकडून ०-१७ हरली. हा आकडा लपवू नये. मात्र पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालनं कंबोडियात फ्नॉम पेन्ह क्राउनला १-०, हाँगकाँगच्या किचीबरोबर १-१ करून मुख्य गट गाठला, आणि वुहानमध्ये इराणच्या बाम खातूनला ३-१ हरवलं. त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय संघानं चियांग माईत थायलंडला २-१ हरवून आशिया कपची पात्रता मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. सगळं श्रेय लीगचं नाही, पण वर्षात १२-१४ कसाचे सामने खेळलेले पाय त्यात आहेत.

सुई_दोरा

क्लब काढू पाहणाऱ्यांसाठी थोडं कागदी काम, कारण संघ अडतात ते इथेच.

आधी राज्य संघटनेकडे क्लबाची नोंदणी, मग महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत क्लबाचं खातं, आणि त्यात प्रत्येक खेळाडूची नोंद. फोटो, जन्मदाखला, आधार. नाव, आईवडिलांचं नाव आणि जन्मतारीख दोन्हीकडे अक्षरशः सारखी हवी. मुलींच्या बाबतीत हमखास घोळ होतो तो असा: लग्नानंतर आधारवर आडनाव बदललेलं, सीआरएसवर माहेरचं. मग जुनी नोंद सापडत नाही, नवी केली तर दुहेरी ठरते. दुरुस्ती नोंदणीची खिडकी (ठरलेली मुदत) उघडायच्या आधी करून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको.

मुलगी आधी दुसऱ्या क्लबाकडे असेल तर बदली प्रणालीतूनच व्हायला हवी, तोंडी 'जा' म्हटलेलं चालत नाही. पोलीस, रेल्वे किंवा सशस्त्र सीमा बलात (एसएसबी) नोकरीला असेल तर खात्याची लेखी परवानगी तारखांसकट घ्या. 'हंगामासाठी' असं मोघम लिहिलेलं पत्र आणलं की ऐन वेळी खात्याच्या स्पर्धेला बोलावणं येतं आणि तुमची गोलकीपर जाते.

मणिपूर_मेल

मूळ प्रश्नाकडे परत. डावखुरी, तुमच्या मापानं २०२३ला जन्मलेली लीग २०२५-२६ला काय झाली? पहिला टप्पा डिसेंबरमध्ये पश्चिम बंगालमध्ये, सगळे क्लब एकत्र. म्हणजे लीग पुन्हा स्पर्धा झाली का?

डावखुरी

नाही म्हणणार, पण मागे पाऊल पडलं हे खरं. कालिकतची मुलं-माणसं गोकुळमला घरच्या मैदानावर बघू शकत नसतील, तर तिथल्या दहा वर्षांच्या मुलीला ही लीग फोनवरच दिसणार. तारीख कुठलीही धरा, तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सामना हवा, यावर मी ठाम आहे.

तुमचा एक मुद्दा मात्र मी पदरात घेते: क्लब नावाची गोष्ट २०१७नं आणली. धाग्याच्या शीर्षकातला 'की' काढून 'आणि' घालायला हवा.

शाहू_मैदान

मग राज्याचं गणित मांडू. आठ क्लब, दुहेरी साखळी, ५६ सामने, १४ फेऱ्या. दर फेरीला चार सामने: दोन मैदानं, शनिवारी प्रत्येकी दोन, सकाळी साडेसात आणि दुपारी चार. पावसाळा वगळून ऑक्टोबर ते फेब्रुवारीत १४ शनिवार सहज निघतात, परीक्षांच्या आधी. कोल्हापूर, पुणे, मुंबई, नागपूर हे चार गड धरले तर मुंबई-पुणे-कोल्हापूर रात्रीच्या बसचा प्रवास आहे. नागपूरच्या संघांचे बाहेरचे सामने शनिवार-रविवार जोडून लावायचे, म्हणजे फेऱ्या निम्म्या. पण दोन दिवसांत दोन सामने येत असतील तर २२ जणींचा संघ न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी किमान सहा बदल सक्तीचे. नाहीतर वर ऑफसाइडच्या रेघेनं लिहिलेलं गुडघ्याचं दुखणं आपणच ओढवून घेऊ.

१८ जणींचा संघ धरला तरी १४४ मुली लागतात. त्या आहेत. अडेल ते गोलकीपरशी: आठ संघांना किमान १६. आणि गोलकीपर शाळेच्या पीटीच्या तासाला तयार होत नाही, तिला आठवड्यातून दोन दिवस वेगळा प्रशिक्षक लागतो.

सुई_दोरा

गोलकीपरचं जिल्ह्यांत फिरतं शिबिर घेता येईल, महिन्यातून एक शनिवार-रविवार. दर शिबिराला १२ मुली, दोन प्रशिक्षक, १५ चेंडू. आणि हातमोजे मापाचे हवेत. पुरुषांचे मोठे हातमोजे दिले की बोटांच्या टोकाला जागा उरते आणि चेंडू निसटतो. मापासाठी अंगठा सोडून तळव्याचा घेर इंचात मोजा, वरच्या पूर्ण आकड्याला न्या, त्यात एक मिळवा. सात इंच घेर असेल तर आठ नंबर.